पनीरचा नमुना 'कमी दर्जाचा' आला, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात डेअरी-कम-मिठाईचं छोटं दुकान. पनीर स्वतः बनवत नाहीत, शेजारच्या तालुक्यातल्या एका युनिटकडून सुटं घेतात. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेऊन गेले, अहवालावर 'कमी दर्जाचा' असा शेरा आला आणि सहायक आयुक्तांच्या कार्यालयाचं पत्र हातात पडलं. दुकानदारांनी अहवालाची प्रत जोडून तीन गोष्टी विचारल्या आहेत: जेल होईल का? माल दुसऱ्याने बनवला तर दंड मी का भरू? आणि पामतेलाचं पनीर हॉटेलांना टेम्पो भरून पुरवणारे सुटतात कसे?

माझी नोकरी नमुने घेण्यात गेली, आणि आता निवृत्तीनंतर मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून डेअरीवाल्यांच्या नोटिसांची उत्तरं तयार करून देतो. त्यामुळे दोन्हीकडची गणितं ठाऊक आहेत. सविस्तर लिहितो, कारण असं पत्र आलं की पहिल्या आठवड्यात लोक नेमकं नको ते करतात. कोणी ओळखीचा पुढारी गाठतो, कोणी पत्र गल्ल्यात टाकून विसरतो.

आधी जेलचं. तुमच्या प्रकरणात जेल नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा, लागू झाला 5 ऑगस्ट 2011 पासून. त्याआधीच्या 1954 च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्यात प्रमाणात न बसणारा जवळपास प्रत्येक नमुना फौजदारी खटला व्हायचा आणि दूधवाला वीस-वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायचा. नव्या कायद्याने खराब नमुन्याची तीन खणांत वाटणी केली. मानकापेक्षा हलका पण आरोग्याला घातक नाही, तो 'कमी दर्जाचा': कलम 51, दंड पाच लाखांपर्यंत. नावात, लेबलात किंवा दाव्यात खोटेपणा, तो 'मिथ्याछाप': कलम 52, दंड तीन लाखांपर्यंत. आणि खाणाऱ्याला अपाय करणारा, तो 'असुरक्षित': कलम 59, इथे फौजदारी खटला आणि कैद. कोणाला इजा झालेली नसली तरी कैद आहेच, आणि खाणारा दगावला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप, वर दहा लाखांपेक्षा कमी नाही इतका दंड. पहिल्या दोन खणांतली प्रकरणं फौजदारी कोर्टात जातच नाहीत. ती न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर चालतात. कायद्याने हा अधिकारी अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जापेक्षा खालचा चालत नाही. आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासनाचे सहआयुक्त हे काम पाहतात. तिथे दंड होतो, शिक्षा होत नाही. तो भरला नाही तर मात्र जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो आणि भरेपर्यंत परवाना निलंबित राहतो, तेव्हा 'नुसता दंडच ना' असंही म्हणू नका.

आता अहवाल उघडा. शेवटच्या ओळीतला शेरा वाचून बहुतेक लोक कागद घडी घालून ठेवतात. खरी माहिती मधल्या तक्त्यात असते.

तुमच्या अहवालात ओलावा 58 टक्के आहे आणि फॅट 16 टक्के. आता पनीरचं मानक सांगतं की ओलावा 60 च्या वर नको आणि दुधाचं फॅट कोरड्या घटकांवर किमान 50 टक्के हवं. 'कोरड्या घटकांवर' हे दोन शब्द महत्त्वाचे. 100 ग्रॅम पनीरमधून 58 ग्रॅम पाणी वजा केलं, उरले 42 ग्रॅम. त्यात फॅट 16. म्हणजे 38.1 टक्के. पास व्हायला 42 पैकी 21 ग्रॅम फॅट लागलं असतं. ओलाव्यात तुम्ही पास आहात, फॅटमध्ये नापास.

पण खालच्या दोन ओळी तुमच्या दुप्पट कामाच्या आहेत. आरएम मूल्य 27 आणि बीटा-सिटोस्टेरॉल आढळलं नाही. आरएम मूल्य म्हणजे फॅटमध्ये हवेत उडणारी आम्लं किती आहेत त्याचं माप. ब्युटिरिक आम्ल दुधाच्या फॅटमध्ये भरपूर असतं, पामतेलात हे मूल्य जवळपास शून्याला टेकतं. बीटा-सिटोस्टेरॉल वनस्पतींचं, दुधाच्या फॅटमध्ये त्याला जागा नाही. स्टार्चची चाचणीही नकारात्मक आहे. या तीन ओळी एकत्र वाचल्या की निष्कर्ष सरळ निघतो: तुमचं पनीर दुधाचंच आहे. साय जरा जास्त काढलेल्या दुधाचं आहे इतकंच. हे उत्तरात ठळक लिहायला हवं, कारण न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर 'बनावट पनीर' आणि 'कमी फॅटचं खरं पनीर' यांची किंमत एक नसते.

इथे एक गोष्ट सांगतो जी अनेक पनीरवाल्यांनाही माहीत नसते. 50 टक्क्यांची रेषा गाठायची तर कढईत जाणाऱ्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांचं प्रमाण साधारण 1 ला 1.65 लागतं. म्हशीचं दूध घेतलं तर फॅट पावणेसहाच्या आसपास ठेवावं लागतं. आता आपल्या पट्ट्यात दूध कसलं? संकरित गाईचं, साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ. त्यात एक थेंब तेल न घालता, एक चमचा पावडर न घालता पनीर केलं तरी ते या रेषेच्या खालीच राहण्याची शक्यता जास्त. वर क्रीम सेपरेटरमधून अर्धा टक्का क्रीम काढून तूपवाल्याला विकलं, की 38 टक्के आलेच म्हणून समजा. तुमचा पुरवठादार हेच करतोय असा माझा अंदाज आहे. त्याला विचारा, बहुधा तो लपवणारही नाही, कारण त्याला हे चूक वाटतच नसेल.

आणि गंमत म्हणजे हे पनीर कायदेशीररीत्या विकता आलं असतं. मानकांत 'मीडियम फॅट पनीर' आणि 'लो फॅट पनीर' असे वेगळे प्रकार आहेत. 38 टक्के फॅट मीडियममध्ये बसतं. पाकिटावर तेच नाव आणि फॅटचा खरा आकडा छापला असता तर हा माल पास होता. 'पनीर' एवढंच म्हणून विकलं की 50 ची हमी दिल्यासारखं होतं.

आता नमुन्याकडे

अहवालाइतकाच महत्त्वाचा कागद म्हणजे नमुना घेतला त्या दिवशीचा. दुकानात त्या सकाळी काय झालं ते आठवून लिहून काढा, आजच.

पद्धत अशी आहे. अधिकारी आधी ओळखपत्र दाखवतो, फॉर्म पाच-अ मध्ये नोटीस देतो, मालाची किंमत देऊन पावती घेतो आणि शक्यतो एखादा साक्षीदार उभा करतो. ट्रेमधल्या एकाच कोपऱ्यातला तुकडा न उचलता वेगवेगळ्या लाद्यांमधून तुकडे घेऊन ते एकत्र करतो. दुधाच्या बाबतीत कॅन तळापासून ढवळायचा असतो, कारण साय वर येते आणि वरचं दूध घेतलं तर विक्रेत्याचा फायदा, तळाचं घेतलं तर तोटा. मग चार कोरड्या, स्वच्छ बरण्या. दूध, दही, खवा, पनीर यांत नमुना टिकावा म्हणून फॉर्मालिन घालतात, 25 ग्रॅमला दोन थेंब. बरणी बंद, लेबल, जाड कागदात गुंडाळणी, मग सहायक आयुक्तांच्या सहीची आणि सांकेतिक क्रमांकाची कागदी पट्टी तळापासून तोंडापर्यंत पूर्ण फिरवून चिकटवायची. दोरा, लाख, मोहोर. आणि तुमची सही अशी घ्यायची की अर्धी पट्टीवर आणि अर्धी गुंडाळलेल्या कागदावर येईल, म्हणजे नंतर कोणी पट्टी हलवली तर सही जुळणार नाही. माझ्या काळात तरुण अधिकारी याच पायरीवर घाई करायचे, कारण तोवर दुकानासमोर गर्दी जमलेली असायची आणि मालक फोनवर फोन लावत असायचा.

चार भागांपैकी एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन सहायक आयुक्तांकडे राहतात. चौथा भाग तुमच्या हक्काचा. तुम्ही त्याच वेळी मागणी केली तर तो तुमच्या खर्चाने मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. त्या प्रयोगशाळेचा निकाल आणि सरकारी विश्लेषकाचा निकाल वेगळे आले, तर राखून ठेवलेला भाग रेफरल प्रयोगशाळेत जातो आणि तिचा शब्द शेवटचा. दुकानदार हा हक्क वापरतात का? क्वचितच. फॉर्मवर 'चौथा भाग नको' अशी सही करून मोकळे होतात, कारण त्यांना वाटतं साहेबांना राग येईल. साहेबांना राग येत नाही. आला तरी कायद्यात त्याला कलम नाही.

तुम्ही तेव्हा मागणी केली नसेल असं धरून चालतो. तरी एक दार उघडं आहे. अहवालाची प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांत फॉर्म आठमध्ये सहायक आयुक्तांकडे अपील करता येतं आणि दुसरा भाग रेफरल प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी करता येते. पत्र ज्या दिवशी हातात आलं त्याचा पुरावा, पाकिटावरचा टपालाचा शिक्का असेल तर तोही, जपून ठेवा. 31 वा दिवस उजाडला की हे दार बंद.

अपील करावं का? माझं मत स्पष्ट सांगतो: तुमच्या प्रकरणात फायदा कमी. 38 आणि 50 मध्ये इतकं अंतर आहे की दुसऱ्या प्रयोगशाळेत ते भरून निघणार नाही. अहवालात 48-49 आलं असतं, तर मी लगेच अपील करा म्हणालो असतो. आणि हो, फॉर्मालिन घातलेल्या नमुन्यावर जिवाणूंची तपासणी होत नाही, तिच्यासाठी निर्जंतुक पद्धतीने वेगळा नमुना घ्यावा लागतो. तुमच्या अहवालात तसली ओळ नाही म्हणून विषय सोडतो, पण कोणाच्या अहवालात असेल तर तिथे बोट ठेवावं.

प्रयोगशाळा कुठली होती तेही बघा. कलम 43 प्रमाणे ती मान्यताप्राप्त आणि अधिसूचित हवी. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवरची बंदी उठवली तेव्हा हा मुद्दा निर्णायक ठरला होता: ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती, त्या कायद्याला अपेक्षित अशा मान्यताप्राप्त नव्हत्या, आणि कंपनीला म्हणणं मांडायची संधीही दिली गेली नव्हती. तेव्हापासून अहवालाच्या डोक्यावरचा मान्यता क्रमांक वाचायची सवय वकिलांना लागली. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तो उशिरा आला तर तेही नोंदवा, पण एवढ्यावर प्रकरण उडेल या भरवशावर बसू नका. न्यायालयांची यावर मतं वेगवेगळी आहेत.

'थोडंसंच कमी होतं साहेब' हा बचाव तर विसरा. सर्वोच्च न्यायालयात 2019 साली राजकुमार विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार हे प्रकरण निकाली निघालं. नमुना 1995 चा. दुधात फॅट 4.6, एसएनएफ 7.7, हवं होतं 8.5. भेसळीचा कुठलाही पदार्थ सापडलेला नव्हता. न्यायालय म्हणालं, मानक ठरलेलं आहे, फरक किरकोळ असला तरी मानक ते मानक. जुन्या कायद्याखालची सहा महिन्यांची शिक्षा कायम राहिली, तीही चोवीस वर्षांनी. आज तेच दूध पकडलं गेलं असतं तर दंडावर भागलं असतं.

माल दुसऱ्याचा, दंड माझा का?

याचं उत्तर तुमच्या बिलबुकात आहे. बिल आहे का?

कलम 26 सांगतं की उत्पादकाने विक्रेत्याला माल देताना मानकांप्रमाणे असल्याची लेखी हमी द्यायची, आणि बिल किंवा कॅश मेमो दिला तर तीच हमी समजली जाते. म्हणजे साधं छापील बिल हे तुमचं कवच. उलट कलम 27 प्रमाणे विक्रेता कधी जबाबदार? मुदत संपलेला माल विकला, अस्वच्छ जागी ठेवला, मिथ्याछाप माल विकला, असुरक्षित आहे हे माहीत असून घेतला. आणि आणखी एक, माल कोणाकडून घेतला ते सांगता आलं नाही. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या निम्म्या दुकानांना बुडवतो. 'सकाळी बोलेरोतून येतो, रोख देतो, डायरीत लिहितो' हे सांगून कोणाचीही ओळख पटत नाही. मग कायद्याच्या नजरेत तो माल तुमचाच.

कलम 80 मध्ये योग्य काळजी घेतल्याचा बचाव आहे. त्यात दाखवावं लागतं की चूक तुमच्या ताब्यात नसलेल्या माणसाची होती, तुम्ही शक्य ती तपासणी केली किंवा पुरवठादाराच्या तपासणीवर विसंबणं रास्त होतं, आणि माल ज्या स्थितीत आला त्याच स्थितीत विकला. म्हणून बिलासोबत पुरवठादाराच्या परवान्याची प्रत हवी, सहा महिन्यांतून एकदा तरी त्याच्या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल हवा आणि फ्रीजच्या तापमानाची साधी नोंदवही हवी. परवाना बघताना 14 अंकी क्रमांक वाचा. पहिला अंक 1 असेल तर परवाना, 2 असेल तर नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 15. दिवसाला हजारो लिटर दुधाचं पनीर करणारा माणूस 2 ने सुरू होणारा क्रमांक दाखवत असेल, तर तो लहान व्यावसायिकाच्या नोंदणीवर कारखाना चालवतोय.

तुमच्याकडे बिलं असतील तर उत्तरासोबत गेल्या वर्षभराची जोडा आणि पुरवठादाराला प्रकरणात पक्षकार करण्याची लेखी विनंती करा. नसतील तर त्याच्याकडून आता मागच्या तारखेची बिलं करून घेऊ नका. जीएसटीच्या नोंदींशी ती जुळत नाहीत, आणि साध्या दंडाच्या प्रकरणात खोट्या कागदाचं नवं प्रकरण चिकटतं.

लेबल

तुम्ही सुटं विकता म्हणून लेबलाची फारशी भानगड नाही असं समजू नका. सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर 'बेस्ट बिफोर' तारीख लावणं 1 ऑक्टोबर 2020 पासून सक्तीचं आहे. बासुंदी, पेढा, कलाकंद, सगळ्यांना. पाकीट करायला लागलात तर 2020 चे लेबलिंग नियम लागू होतात: पदार्थाचं नाव, घटक, पोषणमूल्यं, हिरवं चिन्ह, परवाना क्रमांक, बॅच, पॅकिंगची तारीख, 'यूज बाय', साठवणुकीची सूचना, 'दूध आहे' ही ॲलर्जीची सूचना. शिवाय वजन-मापाचे नियम वैधमापन विभागाचे, त्यांचा निरीक्षक वेगळा आणि दंडही वेगळा. एमआरपी छापली नाही म्हणून अन्न प्रशासन सोडेल, पण वैधमापनवाले सोडणार नाहीत.

दाव्यांच्या बाबतीत जपून. 'ए-टू दूध', 'ए-टू तूप' यावर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) 21 ऑगस्ट 2024 ला पत्र काढून हे दावे पाकिटावरून काढायला सांगितलं आणि पाचच दिवसांत ते पत्र मागे घेतलं. असला धरसोडपणा आम्हाला नवा नाही. मार्च 2023 मध्ये दाक्षिणात्य सहकारी संघांच्या दह्याच्या पाकिटांवर 'दही' शब्द हवा असा आग्रह धरला, तमिळनाडू-कर्नाटकात गदारोळ झाला आणि महिना संपायच्या आत स्थानिक नावांना परवानगी मिळाली. वरून धोरण हेलकावे खातं, तेव्हा छोट्या माणसाने पाकिटावर सिद्ध करता येईल तेवढंच छापावं. 'शुद्ध', '100 टक्के', 'पारंपरिक', 'गावरान' हे शब्द छापायला फुकट असतात, सिद्ध करायला महाग पडतात.

तुपाचं एक सांगून पुढे जातो. वनस्पती तुपात तिळाचं तेल किमान 5 टक्के घालणं सक्तीचं केलं गेलं ते खाणाऱ्याच्या चवीसाठी नव्हे. ते साजूक तुपात मिसळलं की बाऊडिन चाचणीत लाल रंग येतो आणि चोरी पकडली जाते, त्यासाठी. आणि जुन्या नियमांच्या तक्त्यात तुपाच्या बाबतीत महाराष्ट्राच्या दोन ओळी असायच्या, कापूस पट्टा आणि कापूस पट्टा सोडून उरलेला. कारण सरकी खाणाऱ्या गुरांच्या तुपाचे आकडेच वेगळे येतात. वऱ्हाडातल्या प्रामाणिक माणसाचं तूप सातारच्या मापाने मोजलं तर तो चोर ठरला असता. मानक करणाऱ्याला गोठ्यापर्यंत जावं लागतं, ते असं.

पामतेलवाले सुटतात कसे?

पहिली कडू गोष्ट: ॲनालॉग बनवणं बेकायदा नाही. पामतेल, दूध पावडर, स्टार्च, इमल्सिफायर यांतून पनीरसारखा दिसणारा पदार्थ बनवून, त्यावर तो ॲनालॉग आहे असं स्पष्ट छापून, परवाना घेऊन विकला तर तो कायद्यात बसतो. दुधाच्या घटकांऐवजी इतर घटक घातलेल्या पदार्थाला पनीर, दही, तूप, लोणी ही नावं लावता येत नाहीत, एवढाच निर्बंध. आइस्क्रीम आणि दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरलेलं फ्रोझन डेझर्ट यांचा वादही असाच होता, जो 2017 मध्ये जाहिरातींवरून मुंबई उच्च न्यायालयात गेला.

कारखान्याच्या दारात ॲनालॉगच्या खोक्यावर बहुतेक वेळा खरं लिहिलेलं असतं. खोटं सुरू होतं ते पुढे. घाऊक विक्रेता खोकं फोडून सुटा माल ट्रेमध्ये ओततो, किरकोळ विक्रेता 'मलई पनीर'ची पाटी लावतो आणि हॉटेलवाला मेनूवर 'पनीर बटर मसाला' छापतो. ताटातल्या भाजीला लेबल नसतं. मार्च 2025 च्या अधिवेशनात श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी बनावट पनीरचा प्रश्न विधानसभेत लावून धरला तेव्हा राज्यभर धाडींच्या बातम्या आल्या. किलोंचे आकडे, नष्ट केलेल्या मालाचे फोटो. धाड वाईट नाही, पण नष्ट झालेला माल दुसऱ्या दिवशी पुन्हा बनतो.

माझ्या मते इथे कलम 50 नीट वापरलं जात नाही. ग्राहकाने मागितलेल्या स्वरूपाचा, जातीचा किंवा दर्जाचा पदार्थ न देणं, दंड पाच लाखांपर्यंत. नोंदणीवाल्या छोट्या व्यावसायिकाला 25 हजारांपर्यंत. हॉटेलच्या बिलावर 'पनीर' छापलंय आणि स्वयंपाकघरात ॲनालॉगचं खोकं आहे, यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठला हवा? बिल, खोक्याचा फोटो, खरेदीचं चलन आणि भाजीचा नव्हे तर कच्च्या मालाचा नमुना, एवढ्यात प्रकरण उभं राहतं. शिजलेल्या भाजीचा नमुना घेऊन काही होत नाही, कारण त्यातलं तेल ग्रेव्हीचं की पनीरचं हे कोण सांगणार?

ग्राहकालाही एक हक्क आहे, कलम 40. विकत घेताना दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे, आणि ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घ्यायचं. नमुना मानकात बसला नाही तर फी परत मिळते. हे कलम मी लोकांना सांगतो तेव्हा ते मोबाईल काढून आयोडीनच्या थेंबाचा व्हिडिओ दाखवतात. आयोडीनने निळं झालं तर स्टार्च आहे हे खरं, पण पांढरं राहिलं म्हणजे पामतेल नाही असं मुळीच नाही. आणि असल्या घरगुती चाचणीवर कुठलीही नोटीस निघत नाही.

'भेसळखोरांना फाशी द्या' ही मागणी दर दिवाळीला होते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्वामी अच्युतानंद तीर्थ यांच्या याचिकेवर राज्यांना दूध भेसळीविरुद्ध कडक पावलं उचलायला सांगितलं आणि उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, ओडिशासारखी जन्मठेपेची तरतूद इतरांनीही विचारात घ्यावी असं सुचवलं. पुढे 2024 मध्ये रामनाथ प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की असुरक्षित अन्नासाठी 2006 च्या कायद्याचं कलम 59 असताना भारतीय दंड संहितेच्या 272, 273 कलमांखाली समांतर गुन्हा चालवता येणार नाही. म्हणजे पोलिस ठाण्यात आधी गुन्हा नोंदवून माणूस आत टाकायचा हा लोकप्रिय मार्ग अरुंद झाला. मला त्याचं वाईट वाटत नाही. प्राधिकरणाचं 2018 चं देशव्यापी दूध सर्वेक्षण पाहा: 6,432 नमुने, त्यात असुरक्षित ठरावेत अशी भेसळ सापडली ती 12 नमुन्यांत. पण फॅट-एसएनएफसारख्या दर्जाच्या मापात नापास झालेले 41 टक्के, आणि चाऱ्यातल्या बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर सापडलं 5.7 टक्क्यांत. 2011 च्या सर्वेक्षणातले 68 टक्के नापास लोकांच्या अजून तोंडी आहेत, तेही बहुतेक विषारी नव्हते, पाणी आणि पावडरवाले होते. रोज होणारी लूट पहिल्या दोन खणांतली आहे. तिथे दंड पटकन आणि हमखास होणं, हेच काम करतं.

तुमचं उत्तर

नोटीस येईल तेव्हा लांबलचक निबंध लिहू नका. क्रम असा ठेवा. पहिल्या परिच्छेदात तुम्ही विक्रेते आहात, उत्पादक नाही, आणि माल ज्या स्थितीत आला तसाच विकला. दुसऱ्यात अहवालातल्या तीन ओळी: आरएम मूल्य, बीटा-सिटोस्टेरॉल, स्टार्च, म्हणजे दुधाबाहेरचं फॅट नाही. तिसऱ्यात बिलं आणि पुरवठादाराचा परवाना क्रमांक. चौथ्यात तुम्ही आता काय बदललं: पुरवठादाराकडून प्रत्येक बॅचचा फॅटचा अहवाल घ्यायला सुरुवात केली, किंवा पाटीवर 'मीडियम फॅट पनीर' लिहिलं, जे खरं असेल ते. शेवटी कलम 49 चा उल्लेख करा. दंड ठरवताना किती फायदा झाला, कोणाचं किती नुकसान झालं, चूक वारंवार होतेय का आणि ती नकळत झाली का, हे बघणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. हा तुमचा पहिला नमुना असेल तर ते ठळक लिहा, आणि त्या दिवशी किती किलो पनीर दुकानात होतं तेही लिहा. आठ किलो पनीरवर पाच लाख दंड होत नाही. आदेश फारच जड वाटला तर वर अपील न्यायाधिकरण आहे.

छोट्या विक्रेत्यांसाठी कलम 69 मध्ये तडजोडीची सोय आहे, एक लाखापर्यंतची रक्कम भरून सहायक आयुक्तांच्या पातळीवर प्रकरण मिटतं. तुमची उलाढाल लहान असेल तर आधी त्याची लेखी विचारणा करा, सुनावणीची तारीख लागायच्या आधी.

आणि उरलेला तो माल, त्याच पुरवठादाराचा, अजून फ्रीजमध्ये असेल तर आज 'पनीर' म्हणून विकू नका. परत पाठवा आणि परतीच्या चलनावर त्याची सही घ्या.